व्हॉट्सॲप चॅट कोर्टात दाखल करायचंय: कलम ६३ चं प्रमाणपत्र नेमकं कुणी द्यायचं?

रंधा_पटाशी (धागाकर्ता)

मंडळी, कायद्याचे धागे इथे बरेच आहेत, पण हा प्रश्न सुटा कुठे सापडला नाही म्हणून नवा धागा काढतोय.

मी फर्निचरची कामं घेतो. एका गिऱ्हाइकाच्या तीन खोल्यांचं काम पूर्ण करून दिलं. आगाऊ रक्कम मिळाली, उरलेले ४ लाख ६० हजार काही मिळेनात. करारपत्र नाही. आमच्या धंद्यात करतं कोण? ड्रॉइंग पाठवायचं, तिकडून 'ओके, करा' आलं की प्लाय कापायला घ्यायचा. लॅमिनेटचा रंग बदलला, पोटमाळा वाढवला, तेही व्हॉइस नोटवर. शेवटी गेल्या वर्षी वसुलीचा दावा लावला. कैफियतीत समोरचा म्हणतो की जादा काम मी सांगितलंच नव्हतं आणि चॅट बनावट आहे.

आता माझा सरतपास (माझ्याच वकिलांनी घेतलेली माझी साक्ष) चालू आहे. वकिलांनी स्क्रीनशॉटच्या रंगीत प्रिंट यादीसोबत लावल्या होत्या. त्यांना निशाणी क्रमांक (पुरावा म्हणून कोर्टाचा नंबर) द्यायची वेळ आली तशी समोरचे वकील उठले. 'साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३(४) चं प्रमाणपत्र नाही, हा कागद वाचताच येणार नाही.' झालं, पुढची तारीख.

माझे वकील सज्जन माणूस, पण आयुष्य वाटपाच्या दाव्यांत गेलं. ते म्हणतात, प्रमाणपत्राचा भाग अ तुम्ही भरा, भाग ब तज्ज्ञाकडून आणा. तज्ज्ञ म्हणजे कोण? कुठे बसतो? आणखी एक भानगड आहे. ज्या फोनवर ही बोलणी झाली त्याचा डिस्प्ले गेला. नव्या फोनवर बॅकअपमधून सगळी चॅट आली आहे, जुना कपाटात पडून आहे. मग पुरावा कोणता, जुना फोन की नवा? जाणकारांनी सांगावं.

काळा_डगला

आधी तातडीचं. तो जुना फोन भंगारात देऊ नका, एक्सचेंजमध्ये देऊ नका, पोरांना खेळायला देऊ नका. दुरुस्तीलाही अजून नेऊ नका. बाकीचं सावकाश बोलू.

तुमचा दावा १ जुलै २०२४ नंतरचा दिसतो, म्हणजे भारतीय साक्ष्य अधिनियम, २०२३ लागू. त्या तारखेला जे खटले आधीच चालू होते ते कलम १७० मुळे जुन्या १८७२ च्या पुरावा कायद्यावरच चालतात, तिथे या कलमाला अजून ६५ब म्हणतात. नव्याचं ६३ म्हणजे बऱ्याच अंशी तेच ६५ब, पण दोन ठिकाणी कडक केलेलं. एक, आता प्रमाणपत्राचा नमुना कायद्याच्या परिशिष्टातच आहे, त्यात हॅश (फाइलचा गणिती ठसा) लिहावा लागतो. दोन, सही एकाची नाही, दोघांची. भाग अ वर यंत्र ज्याच्या ताब्यात आहे त्याची आणि भाग ब वर तज्ज्ञाची.

मूळ तत्त्व सोपं आहे. फोनमध्ये जे साठलंय ते मूळ. त्याची प्रिंट, पेन ड्राइव्हवरची प्रत, सीडी, हे सगळं संगणकाने काढलेलं 'आउटपुट'. मूळ यंत्रच कोर्टासमोर ठेवलं आणि मालकाने पिंजऱ्यात उभं राहून 'हा माझा, मीच वापरतो, माहिती यातच पहिल्यांदा साठली' असं शपथेवर सांगितलं, तर प्रमाणपत्राची गरज नाही. हे सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्ये स्पष्ट केलंय. प्रत दाखल करायची असेल तर मात्र प्रमाणपत्राला पर्याय नाही.

आता त्या वाक्यातले 'पहिल्यांदा साठली' हे शब्द पुन्हा वाचा. म्हणून जुना फोन जपा म्हटलं.

पाऊलवाट

वाचनखूण साठवली. भाडेकरूशी माझं असंच काहीतरी चालू आहे. स्क्रीनशॉटची प्रिंट नोटरीकडून साक्षांकित करून घेतली तर चालत नाही का? आमच्या ओळखीच्या एकाने तसंच केलं होतं.

काळा_डगला

नाही चालत, ताई. नोटरी फार तर एवढं म्हणेल की अमुक कागद माझ्यासमोर आला. फोनमध्ये काय होतं, फोन कुणाचा, तो नीट चालत होता का, यातलं काहीच त्याला माहीत नसतं. दिल्ली उच्च न्यायालयाने जुलै २०२४ मध्ये साफ सांगितलं की कायद्याप्रमाणे प्रमाणपत्र असल्याशिवाय व्हॉट्सॲपची बोलणी पुराव्यात वाचता येणार नाहीत. तिथेही स्क्रीनशॉटच होता. तुमच्या ओळखीच्याचं चाललं असेल तर समोरच्याने हरकत घेतली नसेल.

जालन्याचा_पाहुणा

ज्या २०२० च्या निकालाबद्दल वर आलंय तो आमच्या जालन्याचाच आहे. एका जिल्ह्याचं भांडण आणि देशभराचा कायदा बदलला, म्हणून सविस्तर लिहितो.

२०१४ ची विधानसभा. अर्जुन खोतकर २९६ मतांनी जिंकले, कैलास गोरंट्याल हरले. गोरंट्यालांचं म्हणणं की खोतकरांचा उमेदवारी अर्ज शेवटच्या दिवशी दुपारी ३ च्या मुदतीनंतर दाखल झाला. आता हे सिद्ध कसं करायचं? निवडणूक अधिकाऱ्याच्या दालनात आयोगाच्या व्यवस्थेचे कॅमेरे चालू होते. उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाने ते चित्रीकरण मागवलं, सीडी आल्या. पण सीडी म्हणजे प्रत. प्रत म्हणजे ६५ब चं प्रमाणपत्र हवं. याचिकाकर्त्यांनी ते अधिकाऱ्यांकडे मागितलं, पुन्हा मागितलं, कोर्टामार्फतही प्रयत्न केला. काही ना काही सबब सांगून ते दिलं गेलं नाही. शेवटी उच्च न्यायालयाने अधिकारी बाईंची उलटतपासणीतली उत्तरं धरली. त्यांनी चित्रीकरणाबद्दल जे कबूल केलं तेवढ्यावर कायद्याचं पुरेसं पालन झालं असं मानून २०१७ मध्ये निवडणूक रद्द केली.

प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं आणि १४ जुलै २०२० ला न्या. नरिमन, न्या. भट आणि न्या. रामसुब्रमणियन यांच्या पीठाने निकाल दिला. प्रमाणपत्र सक्तीचंच, तोंडी साक्ष त्याची जागा घेऊ शकत नाही. मात्र यंत्र दुसऱ्याच्या ताब्यात असेल, तुम्ही हात जोडून मागितलंत, कोर्टामार्फत मागितलंत आणि तरी समोरचा देतच नसेल, तर जे अशक्य आहे ते कायदा करायला लावत नाही. तेवढ्यापुरती सूट. खोतकरांचं अपील फेटाळलं गेलं. अर्थात तोवर २०१९ ची निवडणूकही होऊन गेली होती, त्या सीडींचा राजकीय उपयोग शून्य. पण वकील मंडळींना आयुष्यभराची शिदोरी मिळाली.

काळा_डगला

मस्त लिहिलंत. आधीचं रामायण थोडक्यात जोडतो, कारण समोरचा वकील कधी कुठला जुना निकाल फेकेल सांगता येत नाही.

६५ब हे कलम माहिती तंत्रज्ञान कायद्याबरोबर २००० मध्ये आलं. २००५ मध्ये संसद हल्ल्याच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने कॉल रेकॉर्डच्या प्रिंट प्रमाणपत्राविना घेतल्या, साध्या दुय्यम पुराव्याच्या नियमाने. जवळपास नऊ वर्षं सगळी कोर्टं त्यावर चालली. १८ सप्टेंबर २०१४ ला केरळमधल्या निवडणूक याचिकेत, अन्वर विरुद्ध बशीर, तीन न्यायमूर्तींनी ते उलटवलं: ६५ब हा स्वयंपूर्ण नियम आहे, आडवाटेने येता येणार नाही. मग २०१८ मध्ये हिमाचलच्या एका प्रकरणात दोन न्यायमूर्तींनी पुन्हा ढील दिली, की यंत्र ज्याच्याकडे नाही त्याला प्रमाणपत्राची सक्ती नको. जालन्याच्या निकालाने ती ढीलही काढून घेतली. तेव्हा २००५ किंवा २०१८ चा निकाल कुणी दाखवला तर हसून जालना दाखवा.

हॅश_ब्राऊन

मी वकील नाही, डिजिटल फॉरेन्सिकमध्ये काम करतो. हॅशबद्दल इथे लिहायला हवं, कारण भाग अ भरताना लोक तिथेच अडतात आणि सायबर कॅफेवाल्याला विचारतात.

हॅश म्हणजे फाइलमधल्या मजकुरावरून गणिताने काढलेला ठरावीक लांबीचा आकडा, फाइलचा अंगठ्याचा ठसाच म्हणा. एसएचए-२५६ ने काढला तर ६४ अक्षरं-अंक येतात. फाइलमध्ये एक स्वल्पविराम जरी बदलला तरी पूर्ण वेगळा ठसा येतो. फाइलचं नाव बदललं किंवा ती पेन ड्राइव्हवर कॉपी केली तर ठसा तोच राहतो. पण वर्डमध्ये उघडून 'सेव्ह' दाबलं की गेला. परिशिष्टातल्या नमुन्यात एसएचए-१, एसएचए-२५६ आणि एमडी५ अशा चौकटी आहेत, शिवाय 'इतर'. तुम्ही २५६ च घ्या. एमडी५ मध्ये २००४ पासून आणि एसएचए-१ मध्ये २०१७ पासून दोन वेगळ्या फाइलींचा एकच ठसा बनवून दाखवलेला आहे. कायद्याने परवानगी आहे म्हणून कमकुवत कुलूप कशाला लावायचं? विंडोजमध्ये 'सर्टयुटिल' ही आज्ञा आधीच असते, वेगळं सॉफ्टवेअर लागत नाही.

एक गैरसमज फार दिसतो. 'फोनचा हॅश' असं काही उपयोगाचं नसतं. चालू फोन क्षणोक्षणी बदलतो, नोंदी लिहितो, घड्याळ सरकतं. आज काढलेला ठसा उद्या जुळणारच नाही आणि मग समोरचा वकील म्हणणार, बघा, छेडछाड. हॅश काढायचा तो फोनमधून बाहेर काढलेल्या फाइलींचा: चॅटची निर्यात केलेली फाइल, प्रत्येक व्हॉइस नोट, प्रत्येक फोटो, किंवा सगळ्यांची मिळून एक झिप.

रंधाभाऊ, तुमच्या जुन्या फोनबद्दल. नंबर आता नव्या फोनवर आहे. जुना फोन दुरुस्त करून नेट मिळताच ॲपला कळणार की हा नंबर इथला नाही, आणि ते तुम्हाला बाहेर काढणार. म्हणून चालू करण्याआधी सिम काढा, वायफाय पोहोचेल अशा जागी चालू करू नका, लगेच विमान मोड. शक्यतो हे सगळं तज्ज्ञासमोरच करा.

बिनधास्त_बंड्या

एवढा खटाटोप कशाला? मागच्याच वर्षी सर्वोच्च न्यायालयाने नवऱ्याने बायकोचं चोरून केलेलं रेकॉर्डिंग मान्य केलं की. पेपरात आलं होतं. चोरून केलेलं चालतं तर याचं उघड आलेलं चॅट का नाही?

काळा_डगला

बंड्याभाऊ, तो १४ जुलै २०२५ चा निकाल. (योगायोगाने जालन्याच्या निकालाची पाच वर्षांनंतरची तीच तारीख.) त्यात मुद्दा वेगळा होता. नवरा-बायकोतलं बोलणं कोर्टात उघड करता येत नाही, असं जुन्या कायद्याच्या कलम १२२ मध्ये होतं. पण त्यातच अपवाद आहे की दावा त्या दोघांमधलाच असेल तर चालतं. पंजाब-हरियाणा उच्च न्यायालयाने खासगीपणाच्या कारणावरून रेकॉर्डिंग नाकारलं होतं, सर्वोच्च न्यायालयाने ते फिरवलं. रेकॉर्डिंग चोरून केलंय म्हणून ते आपोआप बाद होत नाही हे तर १९७२ पासूनच आहे. मुंबईच्या कॉरोनरवरच्या लाचेच्या खटल्यात टेप ग्राह्य धरली होती. पण मिळवलं कसं हा एक प्रश्न आणि सिद्ध कसं करायचं हा दुसरा. दुसऱ्यातून त्या नवऱ्याला कुणी सुटी दिलेली नाही.

कुटुंब न्यायालयात मात्र १९८४ च्या कायद्याचं कलम १४ आहे, तिथे न्यायाधीशांना पुराव्याच्या नियमांबाहेर जाऊनही कागद बघता येतो. दिवाणी वसुलीत ती सवलत नाही.

दप्तरबंद

मी कोर्टाच्या कचेरीतून निवृत्त झालो आहे. वकील कायदा सांगतील, मी टेबलावर काय अडतं ते सांगतो.

पेन ड्राइव्ह येतो, नुसताच, पाकिटात. वर नाव नाही, आत कोणत्या फाइली त्याची यादी नाही, आणि प्रतिवादीला प्रत दिलेली नाही. साहेबांनी लावायला सांगितला तर उघडत नाही, कारण आतला फॉरमॅट फक्त तुमच्याच मोबाइलला कळतो. तेव्हा: पेन ड्राइव्ह नवा कोरा. तीन प्रती: कोर्टाला सीलबंद, समोरच्याला एक, स्वतःला एक. पाकिटावर दावा नंबर, फाइलींची नावं आणि हॅश. कागदी यादीत हे सगळं पुन्हा. ऑडिओ असेल तर साध्या एमपी३ मध्ये ऐकायची वेगळी प्रत द्या, पण मूळ फाइल आहे तशीच ठेवा आणि कोणती मूळ, कोणती ऐकण्यासाठी, हे लिहा.

व्हॉइस नोट शब्दशः टंकून द्या. 'अहो ते वरचं पण करून टाका की' असं बोलला असेल तर तसंच लिहायचं, 'प्रतिवादीने पोटमाळ्याचे काम सांगितले' असं शुद्ध करून नाही. आणि नुसत्या टंकलेल्या कागदावर भिस्त ठेवू नका. आपल्याच राज्यातल्या एका लाचप्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने म्हटलंय की मूळ व्हॉइस रेकॉर्डरच तपासला नसेल तर त्याच्या भाषांतराला काही अर्थ नाही.

सोसायटीचा_सेक्रेटरी

अवांतर आहे, पण विचारतो. आमच्या पार्किंगमध्ये गाडीला धडक देऊन एक जण पळाला. सभासद फुटेज मागतोय. प्रमाणपत्र मी द्यायचं की सीसीटीव्ही बसवून देणाऱ्याने?

काळा_डगला

अवांतर मुळीच नाही. डीव्हीआर (चित्रीकरण साठवणारं यंत्र) सोसायटीच्या ताब्यात आहे, देखरेख तुम्ही करता, तेव्हा भाग अ तुमचा. नमुन्यातच मालकी, देखभाल, व्यवस्थापन किंवा वापर, यातलं काय लागू ते निवडायचं असतं. बसवून देणाऱ्याचा संबंध फक्त यंत्रात काही बिघाड झाला होता का, एवढ्यापुरता. प्रमाणपत्राच्या आधी मात्र फुटेज वाचवा. डीव्हीआर भरला की जुन्यावर नवं लिहितो, कुणाच्या तक्रारीसाठी थांबत नाही. आजच काढून ठेवा आणि काढलेल्या वेळेची नोंद मिनिट बुकात करा. डीव्हीआरचं घड्याळ खऱ्या वेळेच्या किती पुढे-मागे आहे तेही लिहा. उलटतपासात हमखास विचारतात.

पोलिसात गुन्हा नोंदला तर तपास अधिकारी भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ९४ खाली मागवू शकतो. त्या संहितेने दोषारोपपत्रात इलेक्ट्रॉनिक यंत्र कुणाकडून कुणाकडे गेलं याची साखळी लिहिणंही बंधनकारक केलंय.

(पोलीस ठाण्यातल्याच फुटेजबद्दल कुणाला हवं असेल तर: सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०२० मध्ये ते १८ महिने जपायला सांगितलंय. मागताना या आदेशाचा उल्लेख करा.)

पाऊलवाट

आणि बँकेचं स्टेटमेंट? त्याला पण तज्ज्ञ शोधायचा?

काळा_डगला

बँकेसाठी १८९१ चा वेगळा कायदा आहे, बँकर्स बुक्स एव्हिडन्स ॲक्ट. त्याच्या कलम २अ प्रमाणे शाखा व्यवस्थापक आणि संगणक यंत्रणा सांभाळणारा यांची प्रमाणपत्रं प्रिंटसोबत हवीत. बँकेत अर्ज करताना कलमाचा नंबर लिहून मागा, नाहीतर गोल शिक्का मारून हातात देतात. कॉल रेकॉर्ड हवे असतील तर कोर्टामार्फत कंपनीला समन्स, प्रमाणपत्र त्यांचा नोडल अधिकारी देतो. लवकर मागा, ते कायम ठेवत नाहीत.

रंधा_पटाशी

सगळ्यांचे आभार. पण तज्ज्ञाचं अजून कळलं नाही. एक वकील म्हणतात केंद्र सरकारने अधिसूचित केलेल्या प्रयोगशाळेचंच लागतं. दुसरे म्हणतात कुठल्याही बी.ई. कॉम्प्युटरवाल्याची सही घ्या. कुणाचं ऐकू?

नियमावर_बोट

पहिल्यांचं ऐका. माहिती तंत्रज्ञान कायद्याचं कलम ७९अ वाचा, त्यातला अधिसूचित 'इलेक्ट्रॉनिक पुराव्याचा परीक्षक' हाच तज्ज्ञ. बाकी सगळे हौशी.

हॅश_ब्राऊन

@नियमावर_बोट, अशा अधिसूचित संस्था देशात मोजक्याच आहेत आणि त्या सरकारी आहेत. आपली न्यायसहायक वैज्ञानिक प्रयोगशाळासुद्धा सहसा पोलिसांकडून किंवा कोर्टाकडून आलेलंच काम घेते. रंधाभाऊंनी ४ लाखांच्या दाव्यासाठी फोन हातात घेऊन मुंबईत कालिन्याच्या प्रयोगशाळेच्या दारात उभं राहायचं का? कायद्याचा हेतू असा असूच शकत नाही.

काळा_डगला

हेतू जाऊ द्या, शब्द बघू. कलम ६३(४) नुसतं 'तज्ज्ञ' म्हणतं, '७९अ चा परीक्षक' म्हणत नाही. तज्ज्ञाची व्याख्या शोधायला कलम ३९ कडे जावं लागतं. त्याच्या पोटकलम (२) मध्ये ७९अ चा परीक्षक आहे हे खरं, पण पोटकलम (१) मध्ये विशेष कौशल्य असलेल्या कुठल्याही व्यक्तीचं मत येतं, आणि नव्या कायद्याने तिथे 'किंवा अन्य कोणत्याही क्षेत्रात' असे शब्द वाढवलेत. माझा युक्तिवाद यावरच असतो: परीक्षक आहे म्हणून इतर बाद नाहीत.

पण म्हणून 'कुठलाही बी.ई.' हेही मला पटत नाही. भाग ब वर सही करणारा उद्या पिंजऱ्यात येऊ शकतो. त्याला विचारणार: फॉरेन्सिकचं शिक्षण काय, आधी किती प्रकरणं केली, कोणत्या साधनाने फाइल काढली, तुम्ही स्वतः काढली की तयार पेन ड्राइव्हवर सही केली? शेवटच्या प्रश्नाला अर्ध्याहून जास्त गळतात. ज्याने स्वतः फोन हाताळला, स्वतः हॅश काढला, ज्याच्याकडे या विषयाचं प्रमाणपत्र आहे आणि जो बोलावल्यावर येईल, असा माणूस घ्या. फक्त सही विकणारे बरेच झालेत, त्यांच्या नादी लागू नका.

नियमावर_बोट

पोटकलम (१) चा मुद्दा बरोबर आहे, तेवढा मान्य. पण फौजदारीत मी ७९अ चाच आग्रह धरेन.

काळा_डगला

फौजदारीत सरकारी पक्षाला ते शक्य आहे, धरा.

बिनधास्त_बंड्या

समजा दोन्ही भाग भरले, हॅश जुळला. तरी समोरचा म्हणणार की हा नंबर माझा नाही, आवाज माझा नाही, आजकाल एआयने कुणाचाही आवाज काढता येतो. मग काय उपयोग?

काळा_डगला

हा मात्र धाग्यातला सगळ्यात चांगला प्रश्न आहे, बंड्याभाऊ. प्रमाणपत्राने एवढंच होतं की कागद कोर्टाला वाचता येतो. त्यातला मजकूर खरा, तो प्रतिवादीनेच पाठवला, हे वेगळं सिद्ध करावं लागतं, आणि बहुतेक पक्षकार सगळी ताकद प्रमाणपत्रावर घालवून इथे रिकाम्या हाताने येतात.

रंधाभाऊ, तुमची बाजू इथे भक्कम आहे. चॅट निर्यात केली की पाठवणाऱ्याचं नाव तुम्ही जसं साठवलंय तसं येतं. 'पोटमाळा शेठ' म्हणून साठवलं असेल तर फाइलमध्ये तेच दिसणार, नंबर नाही. तेव्हा संपर्काच्या पानावरचा नंबर वेगळा दाखवा. त्याच नंबरशी जोडलेल्या खात्यातून आगाऊ रक्कम आली का? दाव्याआधीच्या नोटिशीला उत्तर आलं तर त्यात हाच नंबर आहे का? पोटमाळ्याच्या व्हॉइस नोटनंतर तुम्ही माल घेतल्याचं बिल कोणत्या तारखेचं? पाठवलेल्या ड्रॉइंगप्रमाणेच काम आज त्याच्या घरात उभं आहे, त्यासाठी कोर्ट कमिशनर (जागेवर जाऊन पाहणी करणारा कोर्टाचा माणूस) मागता येतो. हे सगळं एका रांगेत लावलंत तर 'बनावट' म्हणणाऱ्याला सांगावं लागेल की बनावट चॅटप्रमाणे खरा पोटमाळा कसा तयार झाला.

आवाजाबद्दल सर्वोच्च न्यायालयाने १९८५ मध्येच कसोट्या सांगितल्यात: बोलणाऱ्याचा आवाज ओळखणारा कुणी हवा, अचूकता सिद्ध व्हावी, खाडाखोड नसावी, संबंधित असावं, नीट सील केलेलं असावं, स्पष्ट ऐकू यावं. आवाज तुम्ही ओळखता, मिस्त्रीही ओळखतो. मिस्त्रीला साक्षीला आणा.

एक गोष्ट मुद्दाम सांगतो. नव्या कायद्याच्या कलम ५७ खालच्या एका स्पष्टीकरणात असं आहे की योग्य ताब्यातून आलेली इलेक्ट्रॉनिक नोंद प्राथमिक पुरावा मानावी, पण वाद नसेल तर. तुमच्याकडे वाद आहे, तेव्हा या स्पष्टीकरणावर विसंबू नका.

रंधा_पटाशी

आता उशीर झाला म्हणून नवीन कागद घेणार नाहीत अशी भीती वाटते. समोरचे तेच म्हणताहेत.

काळा_डगला

दिवाणी प्रक्रिया संहितेच्या आदेश ७ नियम १४(३) खाली परवानगीचा अर्ज करा. जालन्याच्या निकालातच म्हटलंय की सुनावणी संपेपर्यंत, समोरच्यावर अन्याय होत नसेल तर, प्रमाणपत्र दाखल करू देता येतं. २०२३ मध्ये बंगळुरू स्फोटांच्या खटल्यात तर खटला बराच पुढे गेल्यावर प्रमाणपत्र घेऊ दिलं. समोरचे म्हणतील की नवं कलम 'प्रत्येक वेळी नोंदीसोबतच' म्हणतं. त्यावर सोपा उपाय: जुन्या प्रिंटला नंतर कागद जोडू नका. नव्या अर्जाने नवी नोंद, नवा पेन ड्राइव्ह, सोबतच प्रमाणपत्र, असं एकत्र दाखल करा.

आणि त्यांच्या वकिलांना मनातल्या मनात धन्यवाद द्या. हरकत आत्ता घेतली म्हणून सुधारता येतंय. हरियाणातल्या एका खटल्यात सर्वोच्च न्यायालयाचा २०१७ चा निकाल असा आहे की पुरावा ज्या रीतीने आणला त्यावरची हरकत निशाणी पडतानाच घ्यायची, अपिलात पहिल्यांदा नाही.

दप्तरबंद

अर्जासोबत विलंबाचं कारण एका परिच्छेदात लिहा. पाच पानं लिहिली की कुणी वाचत नाही.

रंधा_पटाशी

मंडळी, कळवायचं राहिलं होतं. तज्ज्ञ मिळाले, फॉरेन्सिकचं शिक्षण असलेले. त्यांच्यासमोरच जुन्या फोनला डिस्प्ले बसवला, विमान मोडवर चालू केला, चॅट जशीच्या तशी निघाली. फोनचा आयएमईआय (यंत्राचा ओळख क्रमांक), फाइलींचे हॅश, सगळं दोन्ही भागांत लिहिलं. अर्ज खर्च भरायच्या अटीवर मंजूर झाला. चॅटला निशाणी पडली. जुना फोनही पिंजऱ्यात नेला होता, न्यायाधीशांनी हातात घेऊन दोन व्हॉइस नोट ऐकल्या.

उलटतपासात मात्र एका प्रश्नाला घाम फुटला. 'डिस्प्ले बदलताना दुरुस्तीवाल्याने आतल्या माहितीत फेरफार केला नाही हे कशावरून?' मी म्हटलं, तज्ज्ञ शेजारी बसले होते. यावर अजून काही करावं लागेल का?

हॅश_ब्राऊन

डिस्प्ले आणि माहिती साठवणारी चिप या दोन वेगळ्या गोष्टी. तज्ज्ञाच्या साक्षीत हे एका वाक्यात येऊ द्या. शिवाय नव्या फोनवर बॅकअपमधून आलेले तेच संदेश ताडून बघितले तर मजकूर जुळेल. दुरुस्तीच्या कितीतरी आधीचा बॅकअप आहे तो.

काळा_डगला

अगदी. नवा फोन इथे कामाला आला बघा. दुरुस्तीचं बिल आहे का?

रंधा_पटाशी

आहे, पण हाताने लिहिलेलं, साध्या पावती पुस्तकातलं.

दप्तरबंद

मग मूळ पावती लावा आणि लिहिणाऱ्याला साक्षीला आणा. तिला भाग ब लागत नाही.